बेटावरील अध्यक्षपद: कल्पित आणि वास्तव

१

काल्पनिक राज्यांची वर्णने करणारे वाङ्मय म्हटले की त्याची गणना स्वप्नरंजनात करून मोकळे व्हावयाचे, असा प्रघात आपल्या टीकेत दीर्घकाळ चालत आलेला आहे. लेखकाने कल्पिलेले नगर किती रम्य आहे, तेथील समता कितपत पटण्याजोगी आहे, याची चर्चा आपण करतो. परंतु त्या नगरात कायद्यावर सही कोण करतो, त्याने ती न केल्यास काय होते, आणि तो बिघडल्यास त्यास दूर कोण करतो, हे प्रश्न राज्यशास्त्राचे म्हणून आपण बाजूस ठेवतो. आमच्या मते ही वाटणी चुकीची आहे. जेथे अधिकार संपतो तेथेच माणसाच्या स्वभावाची परीक्षा सुरू होते. आणि स्वभावाची परीक्षा हा तर वाङ्मयाचा मूळ विषय होय.

या प्रश्नाकडे आमचे लक्ष वेधले ते एका साध्या प्रसंगाने. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील चांदनी हे गाव नेपानगरच्या कागद-कारखान्याच्या शेजारचे. घरी मराठी आणि शाळेत हिंदी अशी काही मुले येथे आहेत. सुटीत त्यांच्याकडून आम्ही थोडे मराठी लेखन करवून घेतो. एकदा त्यांस 'एका कल्पित बेटावरील प्रजासत्ताक' हा विषय दिला होता. बहुतेकांनी आपल्या अध्यक्षास कामे भरपूर नेमून दिली: त्याने विहिरी खोदाव्या, शाळा काढाव्या, चोरांस शिक्षा करावी. त्यास अडविणारा मात्र एकानेही नेमला नव्हता. फक्त एका मुलीने लिहिले होते की, न पटलेला कायदा अध्यक्षाने सभेकडे परत पाठवावा. 'आणि सभेने तोच पुन्हा पाठविला तर?' असे आम्ही विचारले. थोडा विचार करून ती म्हणाली, 'मग त्याने घरी जावे.'

त्या मुलीस ठाऊक नव्हते की, तिचे उत्तर एका खऱ्या बेटावर, एका खऱ्या अध्यक्षाने २००२ साली दिलेले आहे. ते बेट म्हणजे मॉरिशस. कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, मराठी तेथील शाळांतून शिकविली जाते आणि गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते. तेव्हा हा विषय आपणांस सर्वस्वी परका आहे असे म्हणता येणार नाही. प्रथम शब्दाचा, मग कल्पित बेटांचा आणि त्यानंतर वास्तव बेटाचा विचार करू.

२

'अध्यक्ष' हा शब्द आज आपण सर्वोच्च पदासाठी योजतो. परंतु त्याचे मूळ स्थान इतके उंच नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे दुसरे अधिकरण 'अध्यक्षप्रचार' या नावाने ओळखले जाते. तेथील अध्यक्ष हे राजाच्या हाताखालचे खातेप्रमुख आहेत. शेतीवर सीताध्यक्ष, जकातीवर शुल्काध्यक्ष, नौकांवर नावध्यक्ष, अशी त्यांची मालिका आहे. अध्यक्ष म्हणजे डोळा ठेवणारा, देखरेख करणारा. तो स्वामी नव्हे. कर चुकविणाऱ्यास तो पकडतो, परंतु कर किती असावा हे तो ठरवीत नाही.

पुढे सभा आल्या, मंडळ्या आल्या, आणि अध्यक्ष हा सभेच्या शिरोभागी बसणारा झाला. त्यानंतर प्रजासत्ताके आली आणि तोच शब्द राष्ट्राच्या शिरोभागी गेला. आपल्या देशाने 'राष्ट्रपती' हा शब्द स्वीकारला. स्वातंत्र्यापूर्वी हाच शब्द काँग्रेसच्या अध्यक्षांसाठी सर्रास वापरला जात असे. या दोन शब्दांतील अंतर विचार करण्याजोगे आहे. 'पती' या पदात स्वामित्वाचा ध्वनी आहे, 'अध्यक्ष' या पदात पाहण्याचा. आधुनिक संसदीय प्रजासत्ताकाने नाव कोणतेही घेतले तरी त्याच्या प्रमुखास दिलेले काम मुख्यतः पाहण्याचेच असते. कारभार प्रधानमंत्री चालवितो, आणि प्रमुख पाहतो. प्रश्न एवढाच उरतो की, जे दिसले ते त्यास पसंत नसेल तर त्याने काय करावे? शब्दाच्या इतिहासात याचे उत्तर नाही. ते उत्तर शोधण्याचा यत्न प्रथम वाङ्मयाने केला आहे.

३

कल्पित राज्ये बहुधा बेटांवर वसविलेली असतात. याचे कारण उघड आहे. बेटास सीमा आयती मिळते, शेजाऱ्यांची अडचण नसते, आणि घटना कोऱ्या पाटीवर लिहिता येते. शेक्सपिअरच्या 'टेंपेस्ट' नाटकातील वृद्ध गोंझालो निर्जन बेटावर पाऊल पडताच असे एक राज्य कल्पितो. त्यात व्यापार नाही, दंडाधिकारी नाही, सार्वभौम सत्ता नाही. आणि तरीही राजा तो स्वतः आहे. त्याचे सोबती या विसंगतीवर हसतात. आमच्या चांदनीच्या मुलांचे निबंध वाचताना गोंझालोची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. मोठ्या माणसांच्या घटनाही पुष्कळदा याच चुकीने सुरू होतात: सत्ता नको असे म्हणावयाचे, आणि ती कोणाच्या हाती उरली हे पाहावयाचे नाही.

टॉमस मोर हा या बाबतीत फार सावध लेखक आहे. १५१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'युटोपिया'त त्याने ५४ नगरांचे एक बेट उभे केले. तेथे तीस कुटुंबे मिळून दरसाल आपला एक प्रतिनिधी निवडतात. असे दोनशे प्रतिनिधी, लोकांनी सुचविलेल्या चार नावांतून, गुप्त मतदानाने नगरप्रमुख निवडतात. तो आजन्म पदावर राहतो. मात्र जुलमाचा संशय आल्यास त्यास दूर करता येते. कोणताही प्रश्न ज्या दिवशी मांडला जाईल त्याच दिवशी त्यावर चर्चा करावयाची नाही, असा त्यांचा नियम आहे. राज्यकारभाराचा खल सभेबाहेर केल्यास देहान्त शिक्षा आहे. नगरप्रमुखास मुकुट नाही की विशेष पोशाख नाही. त्याच्यापुढे धान्याची एक पेंढी धरली जाते, एवढीच त्याची ओळख.

या वर्णनाचे वाङ्मयीन मर्म आपल्या टीकाकारांनी क्वचितच पाहिले आहे. मोरने प्रमुखाच्या अधिकारांविषयी फारसे लिहिले नाही. त्याचे सर्व लक्ष त्या अधिकारांच्या कडांवर आहे: निवड कशी, विलंब किती, गुप्त खलबत कोठे बंद, आणि पदच्युती केव्हा. याचा दुसरा भाग लेखकाच्या चरित्रात आहे. हाच मोर पुढे आठव्या हेन्रीचा चॅन्सेलर झाला. राजाच्या धर्मविषयक धोरणाशी त्याचे जमेना, तेव्हा १५३२ साली त्याने पद सोडले. आणि राजाने मागितलेली शपथ घेण्याचे नाकारल्यामुळे १५३५ साली त्याचा शिरच्छेद झाला. कल्पित बेटावर त्याने जुलमी प्रमुखास दूर करण्याची सोय ठेवली होती. वास्तव बेटावर ती नव्हती, म्हणून दूर व्हावयाचे ते त्यालाच व्हावे लागले.

त्यानंतर एकशे चाळीस वर्षांनी, १६५६ साली, जेम्स हॅरिंग्टनने 'ओशियाना' लिहून ती क्रॉमवेलला अर्पण केली. मोरचे बेट दूरचे होते. हॅरिंग्टनचे बेट म्हणजे पातळ बुरख्यातील इंग्लंडच. केक वाटून घेणाऱ्या दोन मुलींचा त्याचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे: एकीने कापावे आणि दुसरीने आधी उचलावे, म्हणजे वाटणी न्याय्य होते. त्याप्रमाणे त्याच्या राज्यात एक सभा चर्चा करते आणि दुसरी निर्णय देते, व अधिकारी पाळीपाळीने बदलतात. राज्याची घडी बसविणारा त्याचा 'आर्कन' ती घडी बसताच सत्ता खाली ठेवतो. क्रॉमवेलने काय करावे हे त्यास सांगण्याची ही एक आदबशीर रीत होती. क्रॉमवेलने ते ऐकले नाही. ग्रंथ म्हणून 'ओशियाना' रुक्ष आहे, त्यातील माणसे घटनेची कलमे बोलतात. तथापि सत्ता खाली ठेवणे हीच राज्यकर्त्याची सर्वांत मोठी कृती होय, हा त्याचा विचार रुक्ष नाही.

खुद्द मॉरिशसलाही एक कल्पित रूप मिळालेले आहे. बेर्नार्दँ द सँ-प्येर या फ्रेंच लेखकाची 'पॉल आणि व्हर्जिनी' ही कथा १७८८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दोन निराधार स्त्रिया आणि त्यांची मुले सत्तेपासून दूर, निसर्गाच्या कुशीत नांदतात. वाचकांनी या कथेवर अश्रू ढाळले ते व्हर्जिनीच्या जहाजाच्या अपघातामुळे. पण कथेस खरे वळण त्यापूर्वीच मिळालेले आहे. एके दिवशी बेटाचा गव्हर्नर त्या झोपडीत येतो. तो दुष्ट नाही, उलट सौजन्याने वागतो. परंतु बरोबर फ्रान्सहून आलेला निरोप आणि पैशाची थैली घेऊन येतो, आणि मुलीस पाठविणे भाग पडते. दुसरीकडील आज्ञा पोहोचविणारा सौम्य अधिकारी, हे वसाहतीतील सत्तेचे अचूक चित्र आहे. ते रेखाटताना लेखकाने राज्यशास्त्राचा एक शब्दही वापरलेला नाही.

४

आता वास्तव बेटाकडे वळू. मॉरिशसचे सर्व क्षेत्र मिळून सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर भरते. म्हणजे आमचा बऱ्हाणपूर जिल्हासुद्धा त्याहून मोठा. डच, फ्रेंच आणि १८१० पासून इंग्रज, अशी तेथील सत्तेची परंपरा. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. परंतु इंग्लंडची राणीच राष्ट्रप्रमुख राहिली आणि तिच्या वतीने गव्हर्नर-जनरल काम पाहू लागला. सँ-प्येरच्या कथेतील गव्हर्नर सौम्य होऊन उरला होता, असे म्हणावयास हरकत नाही. प्रजासत्ताकाचा एक प्रयत्न १९९० मध्ये पुरेशा मतांअभावी फसला. पुढील वर्षी घटनादुरुस्ती झाली, आणि १२ मार्च १९९२ रोजी मॉरिशस प्रजासत्ताक झाले. शेवटचे गव्हर्नर-जनरल सर वीरास्वामी रिंगाडू हेच काही महिने पहिले अध्यक्ष झाले. माणूस तोच आणि रेद्वीचे राजभवनही तेच होते. पालटला तो फक्त अधिकाराचा उगम.

या घटनेचा मजकूर आम्ही एक वाङ्मयकृती म्हणून वाचावा असे वाचकांस सुचवितो. अध्यक्षाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावे, हे तीत सर्वत्र सांगितले आहे. परंतु काही मोजक्या ठिकाणी 'स्वतःच्या विचारपूर्वक निर्णयाने' अशा अर्थाचे शब्द येतात. प्रधानमंत्र्याची नेमणूक हे त्यांपैकी एक स्थळ, आणि विधेयकास संमती हे दुसरे. अर्थविषयक विधेयके वगळता, एखाद्या विधेयकाचा सभेने पुन्हा विचार करावा असे अध्यक्षास वाटले, तर एकवीस दिवसांच्या आत ते त्यास परत पाठविता येते. सभेने ते दुरुस्त करून वा जसेच्या तसे पुन्हा संमत केले, तर मात्र संमती दिलीच पाहिजे. मोरने चर्चेस एका दिवसाचा विलंब लावला होता. येथे तो एकवीस दिवसांचा आहे, इतकेच.

या कलमाची परीक्षा २००२ मध्ये झाली. दहशतवाद-प्रतिबंधक विधेयक अध्यक्ष कासाम उतीम यांजपुढे आले. नागरिकांच्या हक्कांच्या दृष्टीने त्यांस ते आक्षेपार्ह वाटले, व त्यांनी ते परत पाठविले. सभेने ते पुन्हा संमत केले. आता घटनेप्रमाणे सहीवाचून गत्यंतर नव्हते. उतीम यांनी फेब्रुवारी २००२ मध्ये पदाचा राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले उपाध्यक्ष अंगिदी चेट्टियार यांनीही सही न करता पद सोडले. अखेर सरन्यायाधीश अरिरंगा पिल्ले यांनी हंगामी अध्यक्ष या नात्याने सही केली आणि कायदा झाला.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. कायदा तर झालाच. मग या नकाराने साधले काय? ज्या अधिकाराच्या उपयोगासाठी पदच सोडावे लागते त्यास अधिकार म्हणावे काय? आमचे उत्तर असे. उतीम यांनी लोकनियुक्त सभेची वाट अडविली नाही. ती त्यांनी अडवू नये, हेच प्रजासत्ताकाचे म्हणणे आहे. परंतु सभेस तोच कायदा उघडपणे दुसऱ्यांदा संमत करावा लागला, आणि आपली सही त्यांनी त्या कायद्यास उसनी दिली नाही. घटनेचा शब्द आणि स्वतःचा विवेक या दोहोंस एकाच वेळी जपण्याचा दुसरा मार्ग त्यांजपाशी नव्हता.

तुलनेसाठी आपल्याकडील दोन उदाहरणे घ्यावी. १९८६ मध्ये टपालविषयक विधेयक राष्ट्रपती झैलसिंग यांजपुढे आले. आपल्या घटनेच्या १११ व्या कलमात मुदत घातलेली नाही. त्यांनी सही केली नाही आणि ते परतही पाठविले नाही. ते तसेच राहिले. परिणामाच्या दृष्टीने हा नकार उतीम यांच्या नकाराहून प्रभावी ठरला, कारण तो कायदा झालाच नाही. परंतु त्यात कोणास कारण सांगावे लागले नाही आणि सभेस फेरविचारही करावा लागला नाही. २००६ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदांसंबंधीचे विधेयक परत पाठविले. संसदेने ते पुन्हा संमत करताच त्यांनी सही केली. मौन, मान्यता आणि पदत्याग अशी ही तीन उत्तरे आहेत. यांपैकी मौनाची वाट मॉरिशसच्या घटनेने मुदत घालून बंद केली आहे, आणि आमच्या मते या एका मुद्द्यावर तिचा मजकूर आपल्याहून सरस आहे.

तिची उणीव दुसरीकडे आहे. अध्यक्षाची निवड सभा करते ती प्रधानमंत्र्यांनी मांडलेल्या ठरावावर, एकूण सभासदांच्या साध्या बहुमताने. आणि त्या ठरावावर चर्चा करावयाची नाही असा नियम आहे. मोरने चार नावे आणि गुप्त मतदान मागितले होते. येथे नाव एक आणि चर्चा शून्य. आसन उत्तम घडविले, परंतु त्यावर बसणाऱ्याच्या पारखीस जागा ठेवली नाही. परिणामी पदाचा अर्थ माणसागणिक पालटत गेला. सर अनिरुद्ध जगन्नाथ हे २००३ मध्ये प्रधानमंत्रिपद सोडून अध्यक्ष झाले, आणि २०१२ मध्ये अध्यक्षपद सोडून राजकारणात परतले. पहिल्या महिला अध्यक्ष अमीना गुरीब-फकीम यांनी आपल्यावरील आरोपांच्या वादात, २०१८ मध्ये, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावाचून चौकशी आयोग नेमला. तो त्यांच्या अधिकारात बसतो काय, यावर वाद झाला. आणि त्याच महिन्यात त्यांनी पद सोडले. उतीम यांचे कृत्य घटनेने दिलेल्या शब्दाच्या आतले होते. हे दुसरे कृत्य त्या शब्दाच्या सीमेवर, बहुतेकांच्या मते सीमेपलीकडे होते. दोहोंचा शेवट राजीनाम्यातच झाला, परंतु त्यांची किंमत एक नव्हे.

२०१४ मध्ये 'दुसऱ्या प्रजासत्ताका'ची कल्पना पुढे आली. अध्यक्ष थेट जनतेने सात वर्षांसाठी निवडावा आणि त्याचे अधिकार वाढवावे, असे नवीन रामगुलाम आणि पॉल बेरांजे यांच्या युतीने मांडले. पहिल्यांनी अध्यक्ष व दुसऱ्यांनी प्रधानमंत्री व्हावयाचे, हेही ठरल्यासारखे होते. त्या वर्षीच्या डिसेंबरातील निवडणुकीत ही युती पराभूत झाली. पराभवाची कारणे अनेक असतील. परंतु वाङ्मयाचा अभ्यासक यात एक परिचित दोष ओळखील. पात्रे आधी ठरवून त्यांच्या मापाने कथानक बेतले की कथा कृत्रिम होते. पदेही आधी ठरलेल्या माणसांच्या मापाने बेतली की त्यांची तीच गत होते.

५

या साऱ्याचा आपल्या साहित्यसंस्थांशी संबंध काय, असे सभासद विचारतील. संबंध निकटचा आहे. अधिकारशून्य अध्यक्षपदाची परंपरा आपल्याकडेही आहे. १८७८ साली पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले ग्रंथकार-संमेलन भरले. तेव्हापासून संमेलनाध्यक्षाच्या हाती जे आहे ते मुख्यतः एक भाषण. १९६१ साली कुसुमावती देशपांडे यांनी ते भाषण आमच्याच मध्यप्रदेशात, ग्वाल्हेर येथे केले. त्या संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष होत. संस्थेचा कारभार, पैसा, ठराव हे सर्व इतरांच्या हाती असते. तरीही १९७५ साली, आणीबाणी चालू असता, कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी काय केले हे महाराष्ट्र विसरलेला नाही. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण हे केंद्रीय मंत्री व्यासपीठावर असता त्यांनी लेखनस्वातंत्र्याचा पक्ष घेतला आणि जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सभेस प्रार्थना करावयास लावली. पुढे त्यांस कारावास घडला. त्यांच्यापाशी ना सहीचा अधिकार होता, ना विधेयक परत पाठविण्याचा. त्या आसनाने त्यांस बोलण्याची जागा दिली होती, आणि ती त्यांनी वापरली.

दुर्गाबाई त्या आसनावर आल्या तो काळ आणि आजचा काळ यांत निवडीचा फरक पडला आहे. २०१८ मध्ये महामंडळाने आपली घटना बदलून संमेलनाध्यक्षाची निवडणूक बंद केली, आणि घटक संस्थांच्या प्रतिनिधींनी विचारविनिमयाने अध्यक्ष ठरवावा असे केले. त्यानुसार २०१९ साली यवतमाळ येथे अरुणा ढेरे या पहिल्या अध्यक्ष झाल्या. या बदलाचे आम्ही स्वागत केले होते. मते मागत फिरणे ज्या थोर लेखकांस रुचत नव्हते, त्यांस आसनाचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. परंतु मॉरिशसच्या घटनेचे वाचन आम्हांस एका धोक्याची आठवण करून देते. जेथे नाव मोजक्यांनी ठरवावयाचे आणि त्यावर उघड चर्चा व्हावयाची नाही, तेथे कालांतराने सोयीच्या माणसाची निवड होऊ लागते. असे आज झाले आहे असे आमचे म्हणणे नाही. ते होऊ नये अशी व्यवस्था मात्र आजच केली पाहिजे.

यास्तव आमची एक साधी सूचना आहे. निवडणूक पुन्हा आणावी असे आम्ही म्हणत नाही. विचारात घेतलेल्या लेखकांच्या वाङ्मयीन कार्याची चर्चा निवडीपूर्वी घटक संस्थांच्या सभांतून व नियतकालिकांतून व्हावी, आणि निवडीनंतर तिची कारणे लेखी स्वरूपात सभासदांपुढे ठेवावी. मोरने चार नावे मागितली होती. आपण निदान कारणे मागू. कोणाचे मन दुखावेल, ही भीती खोटी नाही. परंतु ज्या आसनाकडून आपण निर्भय शब्दाची अपेक्षा करतो, त्या आसनाची निवड भीतभीत करणे शोभत नाही.

शिक्षकांसही एक विनंती आहे. नागरिकशास्त्राच्या तासास राष्ट्रपतींच्या अधिकारांची यादी पाठ करविली जाते, आणि मराठीच्या तासास कल्पित राज्यांचे सौंदर्य सांगितले जाते. हे दोन तास कधी तरी एकत्र आणून पाहावे. मुलांस एक बेट द्यावे, त्यावर एक अध्यक्ष बसवावा, आणि त्याजपुढे त्यास न पटणारा कागद दुसऱ्यांदा ठेवावा. चांदनीच्या त्या मुलीने दिलेले उत्तर एकमेव नव्हे, आणि कदाचित सर्वोत्तमही नव्हे. कलाम यांचे उत्तर निराळे होते आणि तेही प्रामाणिक होते. परंतु कागद दुसऱ्यांदा आला म्हणजे उत्तर द्यावे लागते, एवढे जरी मुलांच्या ध्यानी आले, तरी कल्पित बेटांच्या वाङ्मयाचे अध्यापन सार्थकी लागले असे आम्ही समजू.